परसातली काळी भेदरं

भेदर म्हणजे टमाटर. पुण्या-मुंबईकडे त्याला टोमॅटो म्हणतात. जुन्या काळी काही ठिकाणी वेलवांगी म्हणत. आपल्या वऱ्हाडात मात्र भेदर. नव्या पोरी-सुनांच्या तोंडी आता टमाटर आले आहे. पण पाट्यावर चटणी वाटायची झाली की ती भेदराचीच. म्हणून या पाठात आम्ही भेदरच म्हणू.

भेदर लाल असते, हे लहान लेकरालाही ठाऊक आहे. पण काळे भेदरही असते बरे का! अगदी कोळशासारखे काळे नव्हे. पिकलेले जांभूळ आणि भाजलेली वीट यांचे रंग एकत्र केले तर जसा होईल, तसा त्याचा रंग. देठाजवळ हिरवट, खाली तपकिरी. कापले तर आत गडद लाल, आणि बियांभोवतीचा गर हिरवट. चवीला आंबट कमी, गोड जास्त. एकेक फळ पाव किलोचे भरते.

चार वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने पुण्याहून टपालाने या भेदराचे बी पाठवले. पाकिटात मोजून बारा बिया. सोबत चिठ्ठी होती, 'गुरुजी, घराच्या मागे लावून पाहा.' आमचे गाव मूर्तिजापूर आणि दर्यापूर यांच्या मधले. निवृत्त झाल्यावर वेळ होताच. त्या बारा बियांचे आम्ही काय केले, कोठे चुकलो आणि शेवटी काय साधले, ते आता सांगतो.

पहिले फळ पिकले तेव्हा शेजारच्या वहिनी कुंपणापाशी उभ्या होत्या. फळ पाहून त्या म्हणाल्या, "गुरुजी, हे तं सडलं वाटते जी. फेकून द्या."

आम्ही ते तिथेच कापले. मीठ लावून एक फोड त्यांना दिली. त्यांनी खाल्ली. मग न विचारता दुसरी घेतली.

रंग कशाने येतो

कच्चे भेदर हिरवे असते. झाडाच्या पानात जे हिरवे द्रव्य असते, तेच कच्च्या फळात असते. त्याला हरितद्रव्य म्हणतात. साधे भेदर पिकू लागले की हे हिरवे द्रव्य निघून जाते आणि लाल द्रव्य भरते. काळ्या भेदरात हिरवे पूर्ण निघून जात नाही. ते राहते, आणि त्यावर लाल चढते. हिरव्यावर लाल चढले की तपकिरी-काळा रंग दिसतो. घरी पाहायचे असेल तर रंगपंचमीचा हिरवा रंग आणि लाल रंग एका वाटीत कालवून पाहा.

दुसऱ्या प्रकारचे काळे भेदरही आहे. त्याची फक्त साल जांभळी होते, वांग्याची असते तशी. जिथे ऊन लागते तिथेच रंग चढतो. देठाच्या टोपीखाली ऊन लागत नाही, म्हणून तिथे रंग नसतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या विद्यापीठाने रानटी जातींशी संकर करून असे एक भेदर काढले आणि २०१२ साली लोकांना दिले. आमच्याकडचे ते नव्हे. आमच्याकडचे पहिल्या प्रकारचे, जुन्या वाणाचे.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. काळे भेदर खाल्ले की साखरेचा आजार जातो, रक्त शुद्ध होते, असे सांगून महाग बी विकणारे लोक भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. भेदर ही भाजी आहे. लाल असो की काळे, त्यात क जीवनसत्त्व असते आणि ते पोराबाळांच्या पोटात जावे एवढेच खरे. साखरेच्या आजाराला डॉक्टरच पाहिजे.

जुने बी म्हणजे काय

भेदराचे मूळ गाव आपले नव्हे. ते दक्षिण अमेरिकेच्या डोंगराळ भागातले. मेक्सिको देशातल्या लोकांनी त्याची शेती वाढवली. ते त्याला तोमात्ल म्हणत. त्यावरून टोमॅटो झाले. पुढे पोर्तुगीज लोकांनी मिरची आणली, तसे भेदरही आपल्या देशात आणले. म्हणजे आपल्या चटणीतली मिरची आणि भेदर, दोघेही पाहुणेच. फक्त मीठ घरचे!

आता एक खरी घडलेली गोष्ट ऐका. अमेरिकेत टेनेसी नावाचे राज्य आहे. तिथल्या जॉन ग्रीन नावाच्या गृहस्थाकडे एक जांभळट-काळे भेदर होते. चेरोकी नावाच्या तिथल्या मूळ रहिवाशांकडून ते बी शंभर वर्षांपूर्वी आले, असे त्यांच्याकडे सांगत. १९९० साली ग्रीन यांनी त्यातले थोडे बी पाकिटात घालून क्रेग लेहूलियर नावाच्या माणसाला टपालाने पाठवले. लेहूलियर यांना जुनी बियाणे जमवण्याचा नाद होता. पाकिटातल्या बियाण्याला नावसुद्धा नव्हते. त्यांनी ते लावले, फळ खाल्ले आणि त्याला नाव दिले, चेरोकी पर्पल. पर्पल म्हणजे जांभळे. मग त्यांनी ते बी बियाणेवाल्यांना दिले. आज जगात कितीतरी लोक ते भेदर आपल्या परसात लावतात. काळ्या समुद्राकाठच्या क्रिमियाचेही असेच एक काळे भेदर प्रसिद्ध आहे.

एवढ्या लांबची गोष्ट सांगायचे कारण काय? जुने वाण एका घरात, एका पाकिटात उरलेले असते. त्या घराने ते जपले तर ते जगभर जाते. हरवले तर कोणालाही कळत नाही की आपले काय गेले.

आपल्या राज्यातलेच उदाहरण पाहा. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात अकोले तालुका आहे. आपले अकोला नव्हे, अकोले. तिथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. पण भाज्यांची, धान्याची जुनी गावठी बियाणी त्यांनी घरात जमवली, जपली, बायाबायांत वाटली. २०२० साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात.

आता कोणी विचारील, दुकानातल्या पुडीतल्या भेदराचे बी घरी धरले तर चालेल का? पुडीवर 'संकरित' असे लिहिले असेल तर नको. संकरित म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या आईबापांचे लेकरू. ते जोमदार असते, भरपूर फळते. पण त्याचे बी धरून लावले की एक झाड आजोबावर जाते, दुसरे मामावर. सारखे पीक येत नाही. कपाशीचे तुम्हाला ठाऊकच आहे. १९७० साली सुरतेला एच-४ ही पहिली संकरित कपाशी निघाली. तेव्हापासून कास्तकार हळूहळू सरकीच्या पुडीसाठी दरवर्षी दुकानाच्या पायरीशी बसू लागला.

जुन्या वाणाचे तसे नाही. भेदराचे फूल आपले आपणच फळते. एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात. म्हणून जुन्या वाणाचे बी लावले की बहुतेक वेळा जसे फळ तसेच फळ मिळते. एकदा बी आणले की पुन्हा विकत घ्यायला नको. आणि कास्तकाराने आपल्या शेतातले बी ठेवावे, पेरावे, दुसऱ्याला द्यावे, हा त्याचा हक्क २००१ सालच्या कायद्याने मान्य केला आहे. फक्त कंपनीचे नाव छापून ते विकता येत नाही.

केव्हा पेरावे

इथे आम्ही पहिली चूक केली. बी हाती आले तेव्हा महाशिवरात्र जवळ होती. आम्हाला दम कुठला! बारांतल्या सहा बिया लगेच लावल्या. रोपे आली. झाडे छातीएवढी झाली. चैत्रात पिवळी फुले लागली. आम्ही रोज सकाळी मोजायला जायचो. आणि एकेक फूल देठापासून सुटून खाली पडायचे.

वहिनी म्हणाल्या, "फुलं गयतात जी गुरुजी. नजर लागली कोनाची."

नजर बिजर काही नव्हती. ऊन होते. भेदराला उन्हाचा ताप सोसत नाही. दिवसा पारा ३२-३५ अंशांच्या वर जाऊ लागला आणि रात्रही थंड होईना, की फुलातले पराग निकामी होतात. मग फळ धरत नाही, फूल गळते. आपल्या अकोल्याचा पारा एप्रिलमध्येच चाळिशी ओलांडतो, मे महिन्यात कित्येक वेळा ४५ च्या वर जातो. तिथे हे पाहुणे काय टिकणार! मोठ्या फळांच्या जुन्या जाती तर जास्तच नाजूक. त्या उन्हाळ्यात आम्हाला सहा झाडांवर एकही फळ मिळाले नाही. सहा बिया फुकट गेल्या.

उरलेल्या सहा आम्ही पोळ्यापर्यंत राखून ठेवल्या. तेव्हापासून आमच्या परसातला हिशोब ठरला आहे. पोळ्याला बी, घटाला रोप, संक्रांतीला फळ.

हा हिशोब असा बसतो. पोळ्याच्या सुमारास बी टाकले की घटस्थापनेपर्यंत महिना होतो. रोप वीतभर होते. ते तेव्हा वाफ्यात लावायचे. दिवाळीनंतर हवा थंड होते, नेमकी तेव्हा फुले येतात आणि धरतात. काळ्या भेदराला लावणीपासून पहिले फळ पिकेपर्यंत ऐंशी दिवसांच्या आसपास लागतात. म्हणजे संक्रांत जवळ येते. पुढे होळीपर्यंत तोडा चालतो. पावसाळ्याच्या तोंडी लावू नये. आपली काळी जमीन पाणी धरते, मुळ्या कुजतात.

रोपे कशी करावीत

बी थेट वाफ्यात टाकू नये. जुने घमेले घ्यावे, बुडाला भोके पाडावीत. निम्मी माती, निम्मे चाळलेले जुने शेणखत भरावे. बोटाच्या नखाएवढ्या खोलीवर बी पेरावे. हलक्या हाताने पाणी शिंपडावे. पाच ते आठ दिवसांत कोंब दिसतो.

घमेल्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधावा. हे काम टाळू नका. पांढरी माशी तुम्ही कपाशीवर पाहिली आहे. तीच माशी भेदराच्या रोपावर बसते आणि बोकड्या रोग देते. पाने वाटीसारखी मुडपतात, झाड खुजे राहते, फळ येत नाही. एकदा रोग आला की औषध नाही. तसे झाड दिसले की उपटून टाकावे, लोभ करू नये. रोप लहान असताना माशी दूर ठेवली की निम्मी लढाई तिथेच संपते.

वाफा आणि लावणी

दिवसातून सहा तास ऊन लागेल अशी जागा पाहावी. मागच्या वर्षी जिथे वांगी, मिरची किंवा बटाटे होते, तिथे भेदर लावू नये. ही सगळी एका कुळातली भावंडे आहेत. एकाचा रोग मातीत राहतो आणि दुसऱ्याला धरतो.

काळ्या मातीत वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच करावा. त्यात थोडा मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. उकंड्यावरचे ताजे, गरम खत घालू नये. युरियाही घालू नये. झाड नुसते पाल्यावर जाते. हिरवेगार दिसते, फळाच्या नावाने शून्य. चुलीतली राख टाकायची आपल्याकडे फार सवय आहे. इतर मातीत ती चालते. पण आपल्या काळ्या मातीत आधीच खारेपणाकडे झुकणारा गुण असतो, राखेने तो वाढतो. म्हणून राख चिमूटभर पुरे.

लावताना रोप खोल लावावे. खालची पाने खुडून टाकावीत आणि खोडाचा निम्मा भाग मातीत जाऊ द्यावा. भेदराच्या खोडाला जिथे माती लागते तिथे मुळ्या फुटतात. जितक्या मुळ्या जास्त, तितके झाड दमदार. हे वांग्याला किंवा मिरचीला करू नका, भेदराला करा. दोन झाडांत दोन फूट, दोन ओळींत तीन फूट अंतर ठेवावे. लावणी संध्याकाळी करावी. नवरात्रात दुपारचे ऊन तापते, म्हणून चार दिवस पश्चिमेच्या बाजूला निंबाचा डहाळा खोवून ठेवावा.

आठ झाडे एका घराला पुरतात. ती आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद जागेत बसतात. ज्याच्या घरी एवढीही जागा नाही, त्याने मोठ्या डब्यात दोन झाडे लावावीत.

काळ्या भेदराचे झाड थांबत नाही, वाढतच जाते. त्याला आधार पाहिजे. आम्ही तीन-तीन तुराट्या एकत्र बांधून खांब करतो. पऱ्हाट्याही चालतील असे वाटते, पण त्या नकोत. शेंदरी बोंडअळी वाळल्या बोंडांत लपून राहते आणि पुढच्या कपाशीवर जाते. पऱ्हाट्या घराजवळ साठवणेच वाईट. झाड बांधायला जुन्या लुगड्याची चिंधी घ्यावी. सुतळी खोडाला काचते.

पानाच्या बगलेतून नवे फुटवे निघतात. खालचे पाच-सहा काढावेत. वरचे ठेवावेत. काही पुस्तकांत सगळे फुटवे काढा असे लिहिलेले असते. ते थंड देशाचे पुस्तक. आपल्याकडे माघ-फाल्गुनाच्या उन्हात फळावर पानाची सावली नसेल तर फळ भाजते, त्यावर पांढरा चट्टा पडतो.

पाण्याची गोष्ट

पाणी नेमाने द्यावे. आठ दिवस कोरडे आणि मग एकदम भरपूर, असे केले की फळे तडकतात. काळ्या भेदराची साल पातळ असते, ती लवकर तडकते. वाफ्यावर तुरीचे किंवा सोयाबीनचे कुटार चार बोटे जाड पसरावे. ओल टिकते, मातीला भेगा पडत नाहीत. थंडीत चार दिवसांनी पाणी पुरते. बोट मातीत खुपसून पाहावे. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडे लागले तरच पाणी द्यावे.

आता आपल्या भागाचे दुखणे. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. असे पाणी भेदराला दिले की पानांच्या कडा करपतात, फळे बारीक राहतात, आणि फळाच्या बुडाला काळा, दबलेला डाग पडतो.

हा डाग नीट ओळखायला शिका. लाल भेदरावर तो लगेच दिसतो. काळ्या भेदरावर माणूस फसतो, रंगच आहे असे समजतो. बोट लावून पाहा. रंग असेल तर साल गुळगुळीत आणि सारखी लागते. डाग असेल तर जागा चामड्यासारखी कडक आणि आत दबलेली लागते. हा काही किडीचा रोग नव्हे. मुळांकडून चुना फळाच्या बुडापर्यंत पोचत नाही म्हणून तो पडतो. खारे पाणी आणि अनियमित पाणी ही त्याची दोन कारणे.

मग काय करायचे? आठ झाडांना फार पाणी लागत नाही. भाजी धुतलेले, तांदूळ धुतलेले, नळाचे उरलेले पाणी एका टाकीत साठवावे. आमच्याकडे पावसाळ्यात टिनाच्या छपराचे पाणी एका मोठ्या टाकीत धरतो. ते दिवाळीपर्यंत पुरते. साबणाचे पाणी मात्र नको.

अळी

भेदराला भोक पाडणारी हिरवी अळी ओळखीचीच आहे. हरभऱ्यावरची घाटेअळी ती हीच. कपाशीच्या हिरव्या बोंडात शिरते ती हीच. आज भेदरावर, उद्या तुरीच्या शेंगेवर. वाफ्याच्या कडेने झेंडू लावावा. अळीचा पतंग झेंडूवर अंडी घालायला जातो, भेदर वाचते. दसऱ्या-दिवाळीला फुलेही होतात. सकाळी झाडे पाहावीत, अळी दिसली की हाताने वेचावी. आठ झाडांना फवारणीचा पंप कशाला? फारच झाले तर पन्नास ग्रॅम निंबोळीचा कूट एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा, गाळून सकाळी शिंपडावा. कपाशीवरचे विषारी औषध परसात आणू नये. ते फळ आपणच खाणार असतो.

ओळखू येत नाही असा रोग दिसला तर फांदी तोडून पिशवीत घालावी आणि कृषी विज्ञान केंद्रात न्यावी. अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे. ते १९६९ साली निघाले. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी जन्मलेले आणि देशाचे शेतीमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख, त्यांचे नाव विद्यापीठाला आहे. तिथे जायला लाजू नका. आम्ही धोतराच्या सोग्यात पाने बांधून गेलो होतो. कोणी हसले नाही.

फळ धरण्याची एक युक्ती सांगतो. थंडीत वारा पडलेला असला की पराग झडत नाहीत. सकाळी दहाच्या सुमारास तुराटीवर बोटाने दोन टिचक्या माराव्यात. झाड हलते, पराग खाली झडतात. आमच्या नातीचे हे काम आहे. ती आठही झाडांना उठवून येते.

पिकलेले कसे ओळखावे? लाल होण्याची वाट पाहू नका, ते लाल होणारच नाही. देठाजवळ हिरवे राहिले तरी चालेल. बुडाकडे तपकिरी रंग चढला आणि अंगठ्याने दाबल्यावर जरा मऊ लागले, की तोडावे. फार दिवस ठेवू नये. हे फळ अकोल्याच्या बाजारापर्यंत गाडीत टिकत नाही, दबते. ज्याला विकायचे आहे त्याने लाल संकरित लावावे, त्याला आमची ना नाही. काळे भेदर घरच्या ताटासाठी. गेल्या हंगामात आमच्या आठांपैकी सात झाडे जगली. सर्वांत चांगल्या झाडाने अडीच किलोच्या वर फळ दिले, सर्वांत वाईटाने अर्धा किलोसुद्धा नाही. हा फरक ध्यानात ठेवा. बी धरताना तोच कामी येतो.

बी कसे धरावे

बायका बहुतेक सर्वांत मोठे फळ पाहून बी धरतात. तसे करू नये. आधी झाड पाहावे. जे झाड निरोगी आहे, ज्याला पुष्कळ फळे लागली, जे थंडीत आणि उन्हातही टिकले, त्या झाडाला रंगीत चिंधी बांधावी. अशी दोन-तीन झाडे निवडावीत. त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या घोसातले फळ बियाण्यासाठी राखावे. घरात कोणी तोडू नये म्हणून चिंधी. दर वर्षी चांगल्या झाडाचे बी धरत गेले की चार-पाच वर्षांत ते वाण आपल्या मातीला, आपल्या हवेला सरावते. पीक वाढते ते असे.

जवळच लाल भेदर असेल तर एखादी मधमाशी पराग इकडचे तिकडे करते. म्हणून फूल उमलण्याआधी त्या घोसावर पातळ कापडाची पिशवी बांधावी. फळ धरले की काढावी.

फळ चांगले पिकू द्यावे. कापून बिया गरासकट वाटीत काढाव्यात. थोडे पाणी घालावे आणि दोन-तीन दिवस सावलीत झाकून ठेवावे. रोज एकदा ढवळावे. वास येतो, वर बुरशीचा साय येतो. घाबरू नये. बियांभोवती जो बुळबुळीत पडदा असतो तो याने सुटतो. मग पाणी ओतून धुवावे. पोचट बिया वर तरंगतात, भरलेल्या खाली बसतात. खालच्या घ्याव्यात. स्टीलच्या ताटलीत पसरून सावलीत वाळवाव्यात. फडक्यावर वाळवू नयेत, चिकटून बसतात. कडक वाळल्या की कागदाच्या पुडीत घालून पुडी बरणीत ठेवावी. असे बी चार-पाच वर्षे उगवते.

आमची दुसरी चूक इथे झाली, आणि ती सांगायला लाज वाटते.

पोळ्याला लावलेल्या सहा बियांतली पाच रोपे जगली होती. छान फळली. आम्ही बी धरले. त्याच वेळी बाजारच्या लाल भेदराचेही थोडे बी धरले होते. दोन पुड्या केल्या, सारख्याच कागदाच्या. कोणती कोणती हे आम्हाला पाठ होते, म्हणून वर काही लिहिले नाही. पस्तीस वर्षे मुलांना सांगत आलो की वहीवर नाव घाला. स्वतःच्या पुडीवर नाव घातले नाही.

श्रावणात घरात उंदीर झाले. सौ.ने फडताळ आवरले. एक पुडी कुरतडलेली निघाली, ती तिने उकंड्यावर टाकली. राहिली ती पुडी काळ्याची, असे आम्ही धरून चाललो. भेदराचे बी लाल असो की काळे, दिसायला एकच. आम्ही पोळ्याला ते लावले, दसरा गेला, दिवाळी गेली, आणि संक्रांतीला सगळीच्या सगळी फळे लाल झाली. बारा बियांतून आलेले वाण आमच्या घरातून गेले होते.

त्या संध्याकाळी आम्ही कुंपणापाशी गप्प उभे होतो. वहिनींनी विचारले. आम्ही सांगितले. त्या आत गेल्या आणि एक लहानशी पुरचुंडी घेऊन आल्या. मागच्या वर्षी आम्ही त्यांना दोन फळे दिली होती, त्यातल्या एकाचे बी त्यांनी धरले होते. त्यांना तेव्हा अक्षर येत नव्हते. पुरचुंडी सोडली. आत बिया होत्या आणि बियांत कोळशाचा एक तुकडा.

"हा कशाला?" आम्ही विचारले.

"कायं भेदर हाय ना जी," त्या म्हणाल्या. "म्हून कोयसा टाकला. मिरचीच्या बीत मिरचीचं देठ टाकते, वांग्याच्यात वांग्याचं."

त्यात सतरा बिया होत्या. नऊ त्यांनी ठेवल्या, आठ आम्हाला दिल्या. गेल्या हंगामाची आठ झाडे ती हीच.

वहिनी आता आपल्या रात्रीच्या वर्गाला येतात. या फाल्गुनात त्यांनी नवे बी धरले आणि पुडी घेऊन वर्गात आल्या. फळ्यावर आम्ही लिहून दाखवले की पुडीवर काय काय लिहावे, म्हणजे वाणाचे नाव, बी कोणत्या महिन्यात धरले, कोणत्या झाडाचे, आणि ते बी कोणाकडून आले. त्यांनी पेन्सिल घेतली आणि थांबल्या.

"गुरुजी, 'काळं' लिहू का 'कायं' लिहू?"

आम्ही म्हणालो, तुम्हाला पुढच्या पोळ्याला जे वाचता येईल ते लिहा.

त्यांनी सावकाश लिहिले :

कायं भेदर
फागुन महिना
विहिरीकडचं झाड
बी गुरुजीचं

पुडी बंद करण्याआधी कोळशाचा तुकडा त्यांनी आत टाकलाच.